फुकटचं सॉफ्टवेअर आणि वहिनींची बोटं

डोंबिवलीत आमचा लग्नपत्रिका छापायचा धंदा आहे. मजकूर टाइप करतात माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना वहिनीच म्हणते. थोरले दीर अचानक गेले तेव्हा त्या महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. मग एक दिवस आपणहून दुकानात आल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि हळूहळू माणसांत आल्या. म्हणून ती खुर्ची त्यांची. मी तिच्यावर पिशवीसुद्धा ठेवत नाही.

दसऱ्याला आम्ही दुकानातल्या यंत्रांची पूजा करतो. सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे वहिनी तेवढा वेळ मागे उभ्या राहायच्या, विधवेने हळदीकुंकवाला हात लावायचा नाही म्हणून. पूजा आमचे हे करतात, आणि करतात म्हणजे काय, घाऊक! कटर, प्रिंटर, माउस, कुणाला सोडत नाहीत. एका वर्षी त्यांनी मराठी सॉफ्टवेअरच्या चावीलाच ओलं कुंकू फासलं. पेनड्राइव्हएवढी ती चावी मशीनला लावली तरच सॉफ्टवेअर उघडायचं. कुंकू आत उतरलं, चावी मेली. दुसरी मागवायची, तर कंपनीने कधीच गाशा गुंडाळलेला.

"अहो, कोरडं लावता येत नव्हतं?" मी ओरडले.

मग म्हटलं, फुकट मिळणारं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं सॉफ्टवेअर घेऊ या. झालं! एरवी फुकट ते पौष्टिक म्हणणारा माणूस म्हणतो कसा, "फुकटच्या वस्तूला वाली नसतो. बिघडलं तर कुणाच्या नावानं शंख करायचा?" जणू जुन्या कंपनीचं कोणी धावत येणार होतं!

संध्याकाळी डबे धुताना वहिनी म्हणाल्या, "अगं, त्यात सगळी अक्षरं दुसऱ्याच बटणांवर असतात. मला नाही जमायचं आता. एखादी शिकलेली मुलगी ठेवा. मी बसेन घरी." घरी म्हणजे ती भिंत.

मग मी हट्टालाच पेटले. इंटरनेटवर दिसेल त्याला विचारत सुटले, तेव्हा कळव्याचे एक गृहस्थ मदतीला दुकानात आले. म्हणाले, "खुलं आहे ना, मग आपल्याला हवं तसं बदलता येतं. अक्षरं वहिनींच्या सवयीच्या जागी बसवू." पण कुठलं अक्षर कुठे होतं, ते वहिनींना सांगता येईना. "थांबा हं," म्हणाल्या, डोळे मिटले आणि टेबलावर बोटं चालवत पुटपुटायला लागल्या, "आमचे येथे श्रीकृपेकरून..." ते गृहस्थ त्यांची बोटं बघत एकेक बटण लावत गेले. जुन्या पत्रिका काही उघडल्या नाहीत, पुन्हा टाइप कराव्या लागल्या. वहिनी त्या गुणगुणत करत होत्या.

पुढच्या दसऱ्याला हे ताट घेऊन कॉम्प्युटरपाशी आले आणि अडले. "आता चावीच नाही. पूजा कशाची करू?"

मी ताट काढून घेतलं. वहिनी नेहमीसारख्या मागे सरकलेल्या. "वहिनी, हात पुढे करा."

"अगं नको, आई काय म्हणतील..."

मी त्यांचे हात धरले. मागे बसलेल्या सासूबाईंची नजर मला पाठमोरी असूनही कळत होती.

"कोरडं लाव गं," सासूबाई म्हणाल्या. "मागच्यासारखं नको."