काकांच्या कागदावरचा डोंगर

देवानंतर जगात कुणी आधी आखून मग काम केलं असेल, तर ते आमच्या काकांनी. आणि देवानं तरी एवढा पसारा मांडण्याआधी एखादा नमुना विणून पाहिला होता का, याची काकांना शंकाच आहे. सोलापुरात चादरींच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नक्षी काढली. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून हातभर नमुना विणून बघायचा आणि तो पसंत पडला तरच पुढचा माल काढायचा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण चौकोन काही सुटले नाहीत. घरातली हरेक गोष्ट ते त्याच कागदावर आखत आले आणि मी, त्यांची सख्खी पुतणी, ते तोंडाचा आ वासून बघत आले.

माझं लग्न ठरत आलं तेव्हा काकांनी नवऱ्यामुलाचाही नमुना मागितला. म्हणजे त्याला आठ दिवस आमच्यासाठी मंडईतून भाजी आणायला लावली. बिचारा कामावरून सुटला की पिशवी घेऊन हजर. काका वांगी देठापासून तपासत, मेथीची जुडी सोडून बघत. एक दिवस त्यानं पिचलेला टोमॅटो न सांगता परत जाऊन बदलून आणला, तेव्हा कुठे काकांनी माझ्या वडिलांना निकाल सांगितला, "कापड टिकाऊ हाय. रंग जायचा न्हाय." या गोष्टीला बारा वर्षं झाली. रंग गेलेला नाही, हे मला कबूल करायला हवं.

पण काकांची खरी करामत मी पाहिली ती गेल्या वर्षी. काकी मूळची साताऱ्याकडची, डोंगराखालच्या एका गावातली. लग्न होऊन ती आमच्या सपाटीवर आली, पुढे माहेरी कुणी उरलं नाही आणि जाणंही थांबलं. गच्चीवर कुरडया वाळत घालताना ती मावळतीकडे बघायची आणि म्हणायची, "हितं नजरेला अडवाय कायच न्हाय की." गेल्या वर्षी तिच्या गावाजवळच्या डोंगरात उद्यान झाल्याचं कळलं, आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं की वर्षभरात चालणं आणखी कमी होईल. काकीला तिचा डोंगर दाखवायचा तर आत्ताच. काकांनी तीन ग्राफ पेपर एकमेकांना चिकटवले.

सहलीला जाणाऱ्या घरच्या नऊ माणसांच्या नऊ उभ्या पट्ट्या. एक चौकोन म्हणजे पाव तास. चालणं लाल, खाणं हिरवं, आणि माझ्या नवऱ्याला एक डुलकीही निळ्या रंगात मंजूर झालेली. कुणाच्याच पट्टीत सलग दोन चौकोन रिकामे नव्हते. मोकळा सुटलेला धागा कशात तरी अडकतो आणि अख्खी चादर उसवतो, असं त्यांचं म्हणणं. उद्यानाच्या कचेरीत फोन करून त्यांनी वरच्या पॉइंटच्या पायऱ्या विचारल्या. तिथल्या कारकुनानं अंदाजे आकडा सांगितला. काकांनी अंदाज आणि मोजणी यांतला फरक त्याला इतक्या आपुलकीनं समजावला, की तो गृहस्थ खरंच जाऊन मोजून आला. एकशे साठ. दुसऱ्या फोननंतर त्यानं पायरीची उंचीही वितीनं मोजली. तिसऱ्या फोनवर तोच काकीच्या गुडघ्यांची चौकशी करत होता.

मग नमुना. माझ्या इमारतीला पायऱ्या ऐंशी, म्हणजे दोनदा चढलं की डोंगर झाला. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही नऊ जण स्वेटर घालून, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पिशव्या घेऊन जिना चढू लागलो. डोंगरात गारवा असणार, म्हणून स्वेटर. लिफ्ट बंद आहे का, असं वॉचमननं दोनदा विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दया येऊन चहा विचारला, तर डोंगरात चहा कोण देणार, असं सांगून काकांनी तो नम्रपणे नाकारला. आम्ही हसत होतो, घामानं निथळत होतो. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या मजल्यावर काकी पायरीवर बसली आणि स्वेटरची बटणं सोडत म्हणाली, "माज्याच्यानं हुत न्हाय. तुमी समदे जावा. मी ऱ्हाते की हितं."

काकांनी कागदाची घडी घातली आणि ते तिच्या शेजारी बसून राहिले.

पुढे आठ दिवस सहलीचं नाव कुणी काढलं नाही. मला फार वाईट वाटत होतं. एवढा आटापिटा वाया गेला, असंच आम्ही धरून चाललो. नवव्या दिवशी काका नवा कागद घेऊन आले. त्यात नऊच्या नऊ पट्ट्यांतून त्या एकशे साठ पायऱ्या काढून टाकलेल्या होत्या. सगळे पायथ्याच्या तळ्यापाशीच थांबणार होते. एवढ्या लांब जाऊन वर जायचंच नाही का, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"वर चढलेल्याला डोंगर दिसत न्हाय," काका म्हणाले. "त्येला दिसतं ते खालचं. डोंगर बघायचा आसंल तर पायथ्यालाच बसाय पायजे."

इतक्या सहली केल्या, पण हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर, एका उघडिपीच्या दिवशी आम्ही गेलो. तळ्याकाठच्या बाकावर काकी बसली आणि समोर तो डोंगर, हिरवागार, आभाळाला टेकलेला. मग तिनं बोटानं डोंगराची एक उतरती सोंड दाखवली आणि तिथून आम्ही सरपण आणायचो, असं काकांना सांगू लागली. पुढे काय आहे ते बघायला मी कागद उघडला. काकीच्या पट्टीत दोनपासून सहापर्यंत एकही रंग नव्हता. शेजारच्या पट्टीत, काकांच्या स्वतःच्या, तेही सोळा चौकोन कोरे. दोन चौकोन मोकळे न सोडणारा माणूस. मी कागद मिटला, कारण मला पुढचं दिसेना.

आता काकीचं चालणं घरापुरतंच उरलं आहे. संध्याकाळी दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून मावळतीकडे तोंड करून बसतात, जिथे नजरेला अडवायला काहीच नाही. परवा मी काकांना विचारलं, यंदा काय आखलंय? त्यांनी काकीच्या पायावरची चादर सारखी केली.

"यंदा मोकळंच ठिवलंय," ते म्हणाले.