अंगठा नसलेला फोटो

बोईसरच्या बाजारात माझी एक ठरलेली मासेवाली आहे. रोज सकाळी ती मोबाईलवर फोटो पाठवते. त्यात मासा अख्खा दिसला नाही तरी चालतं, पण अंगठ्याने उचललेला कल्ला आणि त्याखालचा ताजेपणाची खूण असलेला लालभडक रंग दिसलाच पाहिजे. लिहिणं-वाचणं तिला येत नाही, म्हणून मागोमाग आवाजातला मेसेज येतो. "दादा, लक्ष हाय ना?" असं विचारून ती चक्क उत्तरासाठी थांबते. पाच सेकंद नुसता बाजाराचा गलका, मग भाव. मावशी, हा फोन नव्हे, असं कितीदा सांगितलं. "मंग काय, न विचारताच बोलू?"

परवा पापलेटांचा फोटो आला. बर्फावर ओळीने मांडलेली, चकचकीत. अंगठा मात्र कुठेच नाही. मीही आवाजातच विचारलं, "मावशी, कल्ला कुठाय?"

"दादा, लक्ष हाय ना?" पाच सेकंद गलका. "तो फोटो हाटेलवाल्याला पाठवायचा होता, चुकून तुला आला. तू नको घेऊ."

रविवारी बायको-मुलांना हॉटेलात नेलं आणि कोणी तोंड उघडायच्या आत सगळ्यांसाठी पनीर मागवलं.