दत्ताच्या व्हॅनचा न सुटणारा क्लच

आम्ही न्हावऱ्याचे मित्र आजही भेटलो की चहा यायच्या आत कुणीतरी डावा पाय जमिनीवर दाबतो आणि तोंडानं 'खर्रर्र' करतो. बास, तेवढं पुरतं. मग दत्ताच्या व्हॅनचे किस्से निघतात, आणि दर वेळी त्यात थोडी भरच पडते. काही तर माझ्यासमोर घडलेले, तरी ऐकताना मलाच नवे वाटतात.

रांजणगावच्या कंपन्या तेव्हा नुकत्या भरात आल्या होत्या. दत्तानं एक जुनी व्हॅन घेतली आणि शिफ्टच्या माणसांची ने-आण सुरू केली. व्हॅन तशी गुणी होती, फक्त क्लच दाबला तरी सुटायचा नाही. पाय तळाला टेकला तरी इंजिन गाडीला ओढतच राहायचं, आणि गिअर टाकला की निम्मं गाव जागं व्हायचं.

त्याच सुमारास दत्ताला मुली बघणं चालू होतं. एका ठिकाणी मुलीच्या चुलत्यांनी ओट्यावरूनच तो खर्रर्र ऐकला. चहा पाजला आणि म्हणाले, "ज्याच्या हातात गिअर रडतो, त्याच्या घरात आमची पोरगी काय हसनार?" एरवी गाडी ढकलताना दत्ताची चेष्टा करणारे आम्हीही त्या दिवशी न सांगता ढकलायला लागलो. वाईट वाटलं हो.

* * *

शिरूरला आमचे गफूरमामा मेस्त्री. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, दुकानात व्हॅनचं नाव सांगून नवा क्लच आणला आणि बसवला. गाडी तश्शीच! मामा म्हणाले, "नव्या नवरीवानी हाय. रुळंल हळूहळू." आठवडाभर वाट पाहिली. नवरी काही रुळली नाही.

मग मामांनी व्हॅनबरोबर आलेली क्लचची जुनी प्लेट नमुना म्हणून पिशवीत घातली. दुकानदारानं प्लेटला प्लेट लावून अगदी तंतोतंत दुसरी काढून दिली. बसवल्यावर दुखणंही तंतोतंत तेच.

दत्ता म्हणाला, "मामा, आजारी मानसाचा फोटू दावून तसलाच दुसरा आनला व्हय?"

* * *

शेवटी मामांनी फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्याच्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक, बाहेर काढलं. ते दुसऱ्याच गाडीचं निघालं. आधीच्या मालकानं कुठूनतरी आणून बसवलेलं. मग व्हॅनच्या नावानं आणलेला क्लच त्याच्याशी जुळणार कसा? स्टार्टरचे दातही त्यावर नीट बसत नव्हते, म्हणून तर गाडी रोज ढकलून सुरू करावी लागायची.

ते चाक घेऊन आम्ही एसटीनं पुण्याला निघालो. शेजारी एक धनगर आजी बसल्या होत्या. त्यांनी चाकावरून हात फिरवला.

"जातं लई गुळगुळीत हाय. वरचा दगड कुठंय?"

"त्योच आनाया चाललोय, आज्जी," मामा म्हणाले.

"दुसऱ्या जात्याचा आनू नगा. दळान पडत न्हाई."

मामांनी आमच्याकडे असं पाहिलं की शिक्रापूरपर्यंत कुणाची हसायची छाती झाली नाही. मग मात्र आधी मामाच हसले.

पुण्यात दुकानदार म्हणाला, या चाकाला जुळणारा अख्खा क्लच सोमवारी मिळेल. आणि यवतचं स्थळ बघायला जायचं होतं आदल्याच दिवशी, रविवारी.

* * *

मुलीच्या वडिलांचा, आप्पांचा, निरोप होता की गाडी घेऊनच या, बघायची आहे. मामांनी सगळं होतं तसं परत जोडलं आणि दत्ताला बजावलं, "क्लच इसर. इंजिनाचा आवाज उतरला की गिअर आपसूक जातो. कान लाव."

दत्तानं न्हावऱ्यापासून यवतपर्यंत कान लावला. मागे मामांच्या आणि माझ्या मध्ये बसून त्याची आई देवाचं नाव घेत होती. अंगणात शिरलो, पण थांबलो की इंजिन बंद पडणार आणि परत ढकला. या धास्तीनं दत्ता चिंचेच्या झाडाभोवती फिरतच राहिला. आप्पा हात जोडून आमच्याबरोबर फिरत होते. अखेर कांद्याच्या चाळीसमोर गचका बसून गाडी बंद पडली.

आप्पांनी विचारलं, "गाडी सोताची का?"

"व्हय."

"मग ऐकत का न्हाई?"

पोहे झाले. मुलगी सुरेखा. घरचा ट्रॅक्टर तीच चालवायची म्हणे. ती दत्ताकडे न बघता दारातून व्हॅनकडेच बघत होती. दत्ताचा चेहरा उतरला. निघताना आप्पांच्या घरच्यांनीच गाडी ढकलली, ती सुरू झाली, आणि तेवढ्यात आप्पा साखरेची वाटी घेऊन धावत आले.

"पावनं, थांबा! पोरगी व्हय म्हनती."

"आरं, थांब की," दत्ताची आई ओरडली.

"आई, थांबलो तर सासऱ्यालाच परत ढकलाया लागंल!"

व्हॅन पुन्हा चिंचेभोवती फिरू लागली. आप्पा एकेका फेरीला खिडकीतून एकेकाच्या हातावर साखर ठेवत होते. आधी आईच्या, मग मामांच्या, मग माझ्या. मग त्यांना धाप लागली आणि ते ओट्यावर टेकले. दत्ता तेवढा राहिला.

सुरेखानं वडिलांच्या हातातली वाटी घेतली, पदर खोचला आणि दत्ताच्या खिडकीशी धावत येऊन त्याच्या हातावर साखर ठेवली.

म्हणाली, "गिअर येकदाबी वाजला न्हाई."