‘कायमची’ हा शब्द मी घातला

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब विचारतात, प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं, कुणी सांगेल का? मग कुणी आजारातून उठलेलं, कुणाची माहेरी बसलेली लेक परत नांदायला गेलेली, असं कुणीतरी पुढे येऊन सांगतं. लोक टाळ्या वाजवतात, बायका डोळे पुसतात. मला हे सगळं फार आवडायचं. आणि तिथंच माझं चुकलं.

आमचे हे पिंपरीत एका कंपनीत फिटर होते. तीस वर्षं नोकरी आणि तीस वर्षं दारू. दोन्हीत खाडा नाही, असं माझी सासू म्हणायची. रिटायर झाल्यावर चाकणला एका गोडाऊनवर जायला लागले आणि तिथल्याच एका माणसानं यांना गुरुवारच्या बैठकीला आणलं. बैठक आमच्याच चर्चच्या मागच्या खोलीत भरायची. दारू सोडलेली दहाबारा माणसं, किटलीभर चहा आणि ज्यानं त्यानं आपलं खरं बोलायचं. बस्स, एवढंच. पण तिथं जायला लागले आणि थांबली हो. पाच महिने थांबली.

सकाळी न्याहारीआधी हे डोळे मिटून म्हणायचे, “प्रभू, आजच्या दिवस नको.” की लगेच चपातीला हात.

मला राग यायचा. “देवाच्या घरी काय टंचाई आहे का? मागायचं तर कायमचं मागा की!”

“प्रार्थनेत भाकर तरी प्रभूनं रोजची रोजच मागायला शिकवलीय ना?” हे हसायचे. “मला तेवढंच झेपतं गं.”

मी मनात म्हणायची, यांचा विश्वासच कमी पडतोय.

ईस्टर जवळ आला तशा महिला मंडळातल्या बायका मागे लागल्या, आता साक्ष होऊ द्या. हे नको नको म्हणत होते. “पाच महिने म्हणजे काहीच नाही. घाई करू नकोस.” पण मी ऐकते कसली! शाळा चौथीपर्यंतच, पण लिहायची हौस दांडगी. वहीच्या पानावर मीच साक्ष लिहून दिली. त्यात घातलं, प्रभूनं माझी दारू कायमची सोडवली.

यांनी कागद दोनदा वाचला. “ते ‘कायमची’ तेवढं काढ.”

“राहू द्या. ऐकायला बरं वाटतं.”

वाचलं त्यांनी, ‘कायमची’सकट वाचलं. तीस वर्षं मला बघून कुजबुजणाऱ्या बायकांनी त्या दिवशी मला मिठ्या मारल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नातही माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

महिना गेला असेल. गोडाऊनवर कुणाचा निरोपसमारंभ होता, तिथून हे पिऊन आले. दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी म्हटलं, बैठकीला जा.

“त्याच आवारात ना? कायमची म्हणून सांगून आलोय सगळ्यांना. आता कोणत्या तोंडानं जाऊ?”

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, चला, मी येते सोबत, शब्द माझा आहे. पण मी कौतुकाला सोकावले होते. रविवारी मी एकटीच चर्चला गेले आणि सांगितलं, यांचा गुडघा धरलाय. पुढं कितीतरी रविवार तो गुडघा धरूनच राहिला.

एकदा बैठकीतले दोघे घरी आले. हे आत पिऊन पडले होते. मी दार अर्धंच उघडलं. “गावाला गेलेत,” म्हटलं. पुन्हा आले, पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. यांना मी यातलं काहीच कळू दिलं नाही.

वर्षाच्या आत पोटात पाणी झालं. दवाखान्यात एका दुपारी छताकडे बघत हे म्हणाले, “गुरुवारची मंडळी विसरली गं मला. एकजण सुद्धा फिरकला नाही.”

मी त्यांची उशी सारखी केली आणि गप्प बसले. देवा, गप्प बसले मी. चौथ्या दिवशी हे गेले.

चर्चमध्ये यांची शवपेटी ठेवली होती. दोन शब्द काय बोलू, असं पाळकसाहेबांनी विचारलं. दीर घाईनं म्हणाला, “दारू सोडली होती म्हणा. वहिनी, मेलेल्या माणसाची अब्रू घालवू नका.”

मी म्हटलं, अब्रू यांची नाही हो भावजी, माझी झाकताय. आणि उठले. “हे परत प्यायला लागले होते. मला माहीत होतं. यांना उठवायला माणसं आली, त्यांना मी दारातून परत पाठवलं, आणि यांना सांगितलंसुद्धा नाही.” एवढंच बोलता आलं.

ते दोघे शेवटच्या बाकावर होते. त्यांतला एक उठून पुढे आला, पेटीवर वाकला आणि यांच्या कानाशी म्हणाला, “भाऊ, आम्ही आलो होतो. दोनदा आलो होतो.”

ते सांगायचं काम माझं होतं. यांना ऐकू येत होतं तेव्हाच.