टक्के कशाचे?

हातात वडा दिला की आत्या आधी तो कागदावर दाबायची, तेलाचा डाग उजेडासमोर धरून बघायची आणि मगच खायची. महापेच्या एका प्रयोगशाळेत खाण्याच्या पदार्थांतली चरबी मोजण्यात तिची सगळी नोकरी गेली. ती राहायची सीवूड्सला, पण आमच्या घणसोली गावात तिला सगळे ‘चरबीवाली’च म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. "खोटं काय त्यात?" म्हणायची.

तिचं एक वाक्य आम्हा भावंडांना पाठ होतं: "टक्के कशाचे, ते आधी सांग." गणितात नव्वद पडले म्हणून नाचत गेलो, तरी पेपर केवढ्याचा होता हे तिला हवंच असायचं.

आईने गावातल्या बायका जमवून वास्त्यांचं, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचं, लोणचं विकायला काढलं. तपासणी अर्थातच आत्याकडे गेली. तिने कोंब वाळवून दळले, त्यातली चरबी उतरवली. निघाली अगदी जेमतेम. मात्र त्या जेमतेम चरबीत लिनोलेइक आणि लिनोलेनिक या चांगल्या मानल्या जाणाऱ्या आम्लांचा वाटा मोठा होता. आईने तेवढंच धरलं आणि पाकिटावर ‘हृदयासाठी उत्तम’ छापून घेतलं.

आत्या पाकीट बघून म्हणाली, "हे काढा, वैनी."

"तुमच्याच रिपोर्टात हाय ना, ताई? मंग पाकिटाव छापला तं काय झाला?"

"ते टक्के चरबीतले आहेत. कोंबात मुळात चरबीच कुठे आहे? लोणच्यात आहे ते तुमी ओतलेलं तेल. वर मीठ. आणि दादा ते औषध समजून खातोय."

वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन वर्षही झालं नव्हतं. ते खाली मान घालून जेवत राहिले. आई म्हणाली, "आमचा धंदा तुमाला बघवत नाय." आत्या चहा न घेता उठली. त्या वर्षी ती भाऊबीजेलाही आली नाही. वडिलांनी दिवसभर दाराशी खुर्ची टाकली होती.

पुढच्या तपासणीत वडिलांचा रक्तदाब फार वाढलेला निघाला. काय काय खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर वडील आईकडे बघायला लागले. घरी आल्यावर आईने उरलेली पाकिटं बांधून माळ्यावर टाकली आणि आत्याला फोन लावला.

"ताई, नवीन पाकिटाव काय लिवू?"

"वास्त्यांचं लोणचं. तेल-मीठ आहे, बेतानं खा."

"असा लिवल्याव घेल कोन?"

"मी घेईन."

लोणचं खपलं, पहिल्याइतकं नाही. वडील अजून रोज सकाळी खाडीपर्यंत चालून येतात.

आत्या गेल्या पावसाळ्यात गेली. तेराव्याला आईने वास्त्यांची भाजी केली, तिच्या नावाचं पान वाढलं आणि तिथेच बसून राहिली. मी उठवायला गेले तर म्हणाली, "अजून भांडाला पायजे व्हती ती."