थांबणं वजा करून

विमानाच्या हाकेला क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देणं, हे रेडिओ-केंद्राचं परमकर्तव्य आहे. हे वाक्य माझ्या मामांचं. मामांची वर्ध्याला कापसाची अडत. आम्ही सेलूला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा भाच्याची नोकरी समजावून सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. भाचा विमानं उतरवतो, असंही ते म्हणाले.

मुलीने मलाच विचारलं, नेमकं काय करता. मी खरं ते सांगितलं. विमान वरून रेडिओवर हाक देतं, आमचं खालचं यंत्र ओ देतं. त्याला एकूण किती वेळ लागला, यावरून विमान आपलं अंतर काढतं. पण यंत्र लगेच ओ देत नाही. अगदी जवळच्या विमानाची हाक पुरी व्हायच्या आत उत्तर पोचू नये, म्हणून ते मुद्दाम जरासं थांबतं. हे थांबणं ठरलेलं असतं आणि विमान तेवढं वजा करतं. ते कमीजास्त होत नाही ना, एवढंच मी पाहतो. वाढलं, तर जवळचं विमान स्वतःला दूर समजेल.

मामांनी घसा खाकरला.

परतताना बसमध्येच मी त्यांना होकार सांगितला. तो त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला. "आपण मुलावाले. लगेच हो म्हटलं तं काय इज्जत राह्यते?" आठवडाभर तरी थांबायचं, ही आमच्याकडची रीतच. तिकडे नागपूरचं दुसरं स्थळ उत्तर मागत होतं. आमचं मन नाही असं समजून तिचे वडील नागपूरला हो म्हणायला निघाले. पुढचं मला तिच्या भावाने लग्नानंतर सांगितलं. तिने वडिलांना अडवलं.

"बाबा, मुलावाल्याइचं थांबणं ठरलेलंच राह्यते. थे वजा करा, मंग पाहा किती दूर हायत."

"अन् तरी निरोप नाई आला तं?"

"तं मंग दूर हायत समजा."

वडील पुढच्या आठवडी बाजारापर्यंत थांबायला तयार झाले. मामांचा फोन बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गेला.

नोकरीत मी ते थांबणं वर्षानुवर्षं तपासलं. माझ्यासाठी त्याचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र तिने केला, तोही एकदाच ऐकून. त्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

वर्ध्याजवळ पिपरी मेघेला आमचं घर आहे, तिथे आजही मी काही विचारलं, की ती जरा थांबून उत्तर देते. ते बहुतेक वेळा "नाई" असतं.