आतोबांचं येतं साल

उद्या बाजारात काय खपेल, हे आमच्या आतोबांइतकं ठामपणे सांगणारा आणि त्यांच्याइतका सपशेल चुकणारा माणूस अख्ख्या निजामाच्या मुलखात दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नव्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं कंदील, छत्र्या आणि कुलपांचं दुकान होतं. मी परतूरला एका जिनिंगमध्ये नोकरीला होतो आणि दर दिवाळीला त्यांच्याकडे जायचो. पाडव्याची पूजा आटोपली की आसपासचे व्यापारी पानसुपारीला येत, आणि आतोबा गादीवर मांडी ठोकून येत्या साली गिऱ्हाईक काय मागेल, त्याला दुकानात कसं ओढायचं, हे सांगायला बसत. व्यापारी मन लावून ऐकत आणि नेमका त्याच्या उलट माल भरत.

एका साली त्यांनी जाहीर केलं, की आता गिऱ्हाईक कानानं येणार. दुकानाच्या पायरीवर फोनो ठेवला. गाणी ऐकायला एवढी गर्दी जमली, की ज्याला खरोखर कुलूप पाहिजे होतं त्याला आत शिरताच येईना. तो समोरच्या दुकानातून घेऊन गेला. पुढच्या साली दुकानानंच गिऱ्हाइकाच्या दारी जायचं ठरलं. बैलगाडीत कंदील रचून, पुढे हलगीवाला घालून आतोबा अंबडच्या बाजाराला निघाले. हलगी वाजली, बैल उधळले आणि काचा रस्ताभर सांडल्या. घरी येऊन आत्याला म्हणाले, "कल्पना बराबर व्हती. बैल जुन्या विचाराचे निघाले."

त्यांच्या प्रत्येक कल्पनेची पाटी हमीदभाई रंगवायचे. त्यांचं रंगकामाचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं आणि दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. छत्रीच्या पाटीवर त्यांनी एकदा बाई काढली. ती मिशी वगळता हुबेहूब आतोबांसारखी दिसायची. आतोबांनी तक्रार केली तर म्हणाले, रोज समोर तुमचाच चेहरा असतो, दुसरा कुठून आणू?

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यापासून आतोबा स्टेशनवर जाऊन बसू लागले. उतारू काय वाहून नेतात हे पाहणं, हा त्यांचा अभ्यास. लोक धोतराच्या गाठोड्यात भांडीकुंडी बांधून गाडीत चढत होते. पाडव्याला आतोबांनी सांगितलं, "लोकांला फिरायची हौस लागून राह्यलीय. येत्या साली पत्र्याच्या पेट्या खपतील." हमीदभाईंनी पेटीवर गुलाब काढलेली पाटी रंगवून दिली. आणि जन्मात पहिल्यांदा आतोबांचं खरं ठरलं.

पेट्या येत आणि संपत. पण घेणारे भाव करत नव्हते. झाकण उघडून पाहत नव्हते, रंग विचारत नव्हते. पेटी डोक्यावर घेत आणि चालू लागत. भाव न करणारं गिऱ्हाईक आतोबांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना त्याची भीती वाटू लागली. कुठं निघालात विचारलं तर कुणी खाली बघे, कुणी हळूच म्हणे, सरहद्दीपल्याड, वऱ्हाडात. निजामाचं राज्य राहणार की जाणार, याचा निकाल लागत नव्हता आणि खेड्यापाड्यांतून माणसं जिवाच्या धाकानं घरदार सोडून चालली होती. त्या जाण्याला आतोबांनी हौस म्हटलं होतं. हे त्यांना फार लागलं.

मग फौज आली, राज्य गेलं, गेलेले परतू लागले. आता पेट्यांचं काम संपलं, असं आतोबांना वाटलं. पण दुसरी माणसं येऊ लागली. ही घरात उर्दू बोलणारी. तीही भाव करत नव्हती. आतोबांनी गुलाबाची पाटी उतरवली, उरलेल्या पेट्या मागच्या खोलीत टाकल्या आणि विचारायला येईल त्याला संपल्या म्हणून सांगू लागले.

त्या दिवाळीला मी दुकानात बसलो होतो. हमीदभाई आले, पण गादीवर बसले नाहीत. गिऱ्हाइकासारखे उंबऱ्याशी उभे राहिले.

"एक पेटी द्या," ते म्हणाले.

"संपल्या."

"आत हायेत. म्याच तर उचलू लागलो तुम्हाला."

आतोबा खूप बोलले. थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले, सगळं कुटुंब घेऊन माझ्या घरी या म्हणाले. हमीदभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्यावर भरवसा बिलकुल हाय," ते म्हणाले. "पण बायको रातभर भिंतीला टेकून बसती. तिला किती दिवस बसवू?"

ते हैदराबादला भावाकडे निघाले होते. आतोबांनी स्वतः पेटी आणली, त्यातल्या त्यात चांगलं कुलूप निवडलं, किल्ली त्यांच्या हातात दिली. भाव दोघांनीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. ज्यांचं तोंड कधी बंद राहिलं नव्हतं ते आतोबा गाडी सुटेपर्यंत खिडकीतून भाकरीचं गाठोडंच नीट बसवत होते. शेवटी हमीदभाईंनीच त्यांचा हात हलकेच बाहेर सारला.

येताना आतोबा टांग्यात बसले नाहीत. आम्ही चालत घरी आलो. आत्यानं विचारलं, गाडी वेळेवर सुटली का.

"बराबर वेळेवर," आतोबा म्हणाले. टोपी काढून ते ओट्यावर बसले. "एरवी तास-तास उभी राहती. आज काय झाल्तं तिला?"